स्वस्तातली गोळी

मला रक्ताचा कॅन्सर आहे. 'होता' असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण माझा आजार तसा नाही. तो रक्तात दबून राहतो आणि त्याला दाबून ठेवायला रोज गोळी घ्यावी लागते, बहुतेक आयुष्यभर. आज मी हिंडती-फिरती आहे. मुखेड तालुक्यातल्या आमच्या गावात अंगणवाडी चालवते. लेकरांची वजनं घेते, गाणी म्हणते, दुपारी थोडी आडवी होते. हे लिहायचं कारण एवढंच, की आजाराच्या बरोबरीनं मला एका प्रश्नानं छळलं. गोळी कुठली घ्यायची, मोठ्या कंपनीची की साधी? हाच प्रश्न पिशवीत घेऊन बसलेली कितीतरी माणसं मी दवाखान्याच्या बाकावर पाहिली. त्यांच्या कामाला आलं तर बघावं.

पोटातलं ओझं

सुरुवात थकव्यानं झाली. मग डाव्या बरगडीखाली काहीतरी जड बसल्यासारखं वाटायला लागलं. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. मी पित्त समजून आलं-लिंबू घेत राहिले. आमच्या अंगणवाडीतल्या मदतनीस सखुबाई एक दिवस म्हणाल्या, "बाई, तुमी लई वाळायल्यात. साडी अंगावर राहीना झालीय. दाखवा कुठं तर."

मुखेडच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला दिलं. संध्याकाळी रिपोर्ट आणायला गेले तर ते म्हणाले, "मालकांना आत बोलवा." बाईला एकटीला सांगण्यासारखं नाही, हे तेव्हाच कळलं. पांढऱ्या पेशी नको तितक्या वाढल्या होत्या. त्यांनी नांदेडला मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

नांदेडला कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज तपासायला काढला. मी भिंतीकडं तोंड करून कुशीवर पडले होते. एका नर्सनं माझा हात धरला आणि विचारलं, "अंगणवाडीत कोणकोण लेकरं हायत तुमच्या? नावं सांगा की." मी एकेक नाव घेत गेले. आराध्या, समर्थ, अलफिया, कार्तिक... मध्येच कळ आली तेव्हा मी ओरडले आणि पुन्हा नावं घ्यायला लागले. नावं संपली तेव्हा सुई निघाली होती. त्या नर्सचं नाव विचारायचं राहून गेलं.

निदान सांगितलं त्या दिवशी आमचे मालक, माधवराव, सोबत होते. डॉक्टर म्हणाले, "रक्ताचा कॅन्सर आहे. पण ह्या प्रकाराला चांगली गोळी आहे. रोज घेतली तर माणूस वर्षानुवर्षं जगतो." आम्ही दोघांनी पहिलं वाक्य ऐकलं, पुढचं ऐकलंच नाही. मालकांनी विचारलं, "किती दिस हायत हिच्याकडं?" डॉक्टरांना सगळं पुन्हा सांगावं लागलं.

गाडीत बसायच्या आधी मालकांनी केळी घेतली. मुखेडला उतरताना ती सीटवरच राहिली. घरी पोचल्यावर दोघांनाही आठवलं.

बाळू

माझा धाकटा भाऊ बाळू लातूरला राहतो. त्याचं बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. आई गेली तेव्हा तो चालायला शिकत होता आणि मी सातवीत होते. त्याला मीच न्हाऊ-माखू घातलं. तो मला अक्का म्हणतो, पण आईला हाक मारावी तसं म्हणतो.

बातमी कळल्याबरोबर तो आला. "लातूरला रक्ताच्या आजाराच्या मोठ्या डॉक्टर हायत. तिथंच दाखवायचं. दाजी, तुमी काळजी करू नका, मी बघतो सगळं." मालक वैरण टाकायला उठून गेले.

लातूरच्या डॉक्टर मॅडम शांतपणे बोलायच्या. त्यांनी कागदावर औषधाच्या घटकाचं नाव लिहिलं, इमॅटिनिब. म्हणाल्या, "हा घटक अनेक कंपन्या बनवतात. नावाजलेल्या कंपनीची गोळी महाग मिळते, जेनेरिक, म्हणजे साधी, बरीच स्वस्त मिळते. घटक तोच, ताकद तीच. मी दोन्ही देते, दोन्हींवर माणसं चांगली आहेत. कुठली परवडते ते बघा, कारण ही रोज घ्यायची आहे. मध्ये खंड पडता कामा नये."

बाळूनं लगेच सांगितलं, "मोठ्या कंपनीचीच लिहा, मॅडम."

"फरक नाही पडत हो."

"मॅडम, मी दुकानदार हाय. बोगस बियाणं काय असतं ते मी बघितलंय. पिशवी तीच, छापा तोच, आन् उगवण न्हाई. शेतकऱ्याचं एक साल जातं. माझ्या बहिणीचं काय जाईल?"

मॅडमनी मान डोलावली. "बोगस माल औषधातही येऊ शकतो, नाही म्हणत नाही. म्हणून परवाना असलेल्या दुकानातून, पक्कं बिल घेऊन घ्यायचं. पण बोगस वेगळं आणि स्वस्त वेगळं."

बाळूला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पटलं नाही. गावातल्या गरोदर बायकांना मी वर्षानुवर्षं सरकारी लोहाच्या गोळ्या देत आले. त्या म्हणायच्या, "बाई, फुकटच्या गोळीत काय दम असतोय?" मी त्यांना समजावायची, दम असतोय, रोज घे, रक्त वाढतंय. त्यांचं रक्त वाढलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण माझ्या जिवावर बेतलं तेव्हा मीही त्या बायकांसारखीच झाले. मॅडमनी महागाची गोळी लिहिली आणि मला हायसं वाटलं.

भावाची गोळी

गोळी भरल्या पोटी, भांडंभर पाणी पिऊन घ्यायची. सुरुवातीला मळमळायचं. पिंडऱ्यांत गोळे यायचे. डोळ्यांखाली सूज यायची, त्यामुळे सकाळी भेटेल ती बाई विचारायची, "रडलात का काय, बाई?" मी हो म्हणायची नाही आणि नाहीही म्हणायची नाही. पण पोटातलं ओझं हळूहळू कमी झालं. एक दिवस मी सखुबाईंनी आणलेला चुरमुऱ्यांचा सुशीला वाटीभर खाल्ला आणि पुन्हा मागितला. त्या पदराला डोळे पुसत आत गेल्या.

दर महिन्याला बाळू गोळ्यांचा डबा द्यायचा. त्या एका डब्याच्या पैशात साध्या गोळ्यांचे चार-पाच महिने सहज निघाले असते. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, मालकांना तर फारच माहीत होतं.

मालक माझ्यासोबत लातूरला यायचे बंद झाले. शेतातलं काम सांगायचे. एकदा मी गोळी घेत होते तेव्हा ते दारात उभे राहून म्हणाले, "तू भावाच्या गोळीवर जगायलीस. माझ्या घरात राहून." एवढं म्हणून बैलांकडं गेले. रागावून बोलले असते तर मी भांडले असते. ते तसं बोलले नव्हते. ते वाक्य मला गोळीपेक्षा कडू लागलं.

तिकडं बाळूनं घर बांधायला घेतलेली जागा विकली. हे मला त्याच्या बायकोनं, वंदनानं, सांगितलं. तिनं तक्रार केली नाही. चहा ठेवता ठेवता म्हणाली, "अक्का, तुमच्यासाठी जाऊ द्या. पण पुढं काय करायचं ते ह्यांना कळंना झालंय. मला बोलतबी न्हाईत." मी चहा पिऊ शकले नाही.

रशीदभाई

मुखेडहून लातूरला जाताना मी उदगीरला गाडी बदलायची. तिथं रशीदभाई भेटायचे. पहिल्यांदा दवाखान्यात ओळख झाली, मग तपासणीची तारीख ठरवून आम्ही एकाच गाडीनं जायला लागलो. साठीचे असतील. उदगीरच्या मोंढ्यात धान्याचे वजनकाटे दुरुस्त करायचे. आता सगळे इलेक्ट्रिक काटे आले, तरी जुने व्यापारी त्यांनाच बोलवायचे.

"बाई, आपला आजार एकच," ते पहिल्या दिवशी म्हणाले होते. "म्हंजे आपुन नातेवाईक झालो."

त्यांचे दोन्ही मुलगे बाहेर कामाला. एक पुण्याला गाडी चालवायचा, एक हैदराबादला. दोघं मिळून वडिलांसाठी गोळी पाठवायचे, माझ्यासारखीच मोठ्या कंपनीची. रशीदभाईंना त्याचा अभिमान होता. "पोरं लई जिद्दी. म्हणतेत, अब्बा, तुमाला भारीतलीच गोळी. मेरे अब्बा कू हलकी चीज नक्को." हे सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा.

माझे रिपोर्ट सुधारत गेले. त्यांचे सुधारले आणि मग पुन्हा बिघडायला लागले. मॅडम त्यांना दर वेळी विचारायच्या, "रोज घेता ना?"

"हाव मॅडम. बिस्मिल्ला म्हणतो आन् घेतो."

मॅडम त्यांच्याकडं थोडा वेळ बघत राहायच्या. एकदा म्हणाल्या, "साधी गोळी लिहून देऊ का? खर्च झेपेल." रशीदभाई हसून म्हणाले, "पोरं नाराज होतेन, मॅडम."

एका तारखेला ते उदगीरच्या स्टँडवर नव्हते. फोन लावला तर त्यांच्या बायकोनं, मुमताजभाभींनी, उचलला. ताप उतरत नव्हता, अंगावर काळेनिळे डाग आले होते, मुलांनी हैदराबादला नेलं होतं. पुढच्या फोनला कुणीतरी दुसऱ्यानंच सांगितलं की ते गेले.

उरलेल्या पट्ट्या

मी उदगीरला भाभींना भेटायला गेले. किल्ल्याच्या बाजूला त्यांचं घर. पुढच्या खोलीत दोन जुने काटे तसेच टांगलेले होते. भाभी बराच वेळ माझा हात धरून बसल्या. मग आत जाऊन एक स्टीलचा डबा घेऊन आल्या.

"हे तुमी न्या, बाई. तुमच्या कामाला येतील. भारी हायत."

डब्यात गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. माझ्याच गोळ्या, तेच नाव, तोच रंग. काही पट्ट्या अर्ध्या, काही न फोडलेल्या. एवढ्या गोळ्या उरल्या कशा, हे मला आधी कळलंच नाही. मग भाभीच बोलल्या.

"एक दिसाआड घ्यायचे ते. पोरांचं पार्सल लांबलं की दोन दिसाआड. म्हणायचे, भारी गोळी हाय, असर टिकतो. पुढं पोरांच्यानं जमलं न्हाई तर साठा पायजे, म्हणून ठिवून द्यायचे."

"मॅडमला सांगायचं होतं, भाभी. साधी गोळी रोज मिळाली असती. मॅडम देत होत्या."

"मी बोलले की. म्हणाले, पोरांना काय वाटल? बापाला हलकी गोळी खाऊ घातली, म्हणून जलमभर मनात धरतेन." मग हळू आवाजात म्हणाल्या, "पोरांना मी अजून सांगितलं न्हाई. त्यांना वाटतंय, एवढी महाग गोळी देऊनबी अब्बा ऱ्हायले न्हाईत."

मी डबा परत त्यांच्या हातात दिला. माझ्याच्यानं त्या पट्ट्यांना हात लावला गेला नाही. दुसऱ्याचं औषध घेऊ नये, असं काहीतरी मी पुटपुटले.

(हे लिहायच्या आधी मी भाभींना विचारलं. त्या म्हणाल्या, नाव बदला आणि लिहा. मुलांना त्यांनी नंतर स्वतःच सांगितलं.)

दुकानात

त्या दिवशी मी गावाकडं परतले नाही. उदगीरहून तशीच लातूरची गाडी धरली आणि बाळूच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक होतं, म्हणून बाजूच्या खुर्चीवर बसले. एक शेतकरी हरभऱ्यावरच्या अळीचं औषध मागत होता, मोठ्या कंपनीच्या नावानं. बाळूनं दुसरी बाटली त्याच्यापुढं ठेवली.

"हे घेऊन जा, मामा. घटक तोच हाय. नावाचे पैसे कशाला देता?"

शेतकरी बाटली घेऊन गेला. मी बाळूकडं बघत राहिले. त्यालाही कळलं.

"अक्का, पिकाचं वेगळं आन् माणसाचं वेगळं," तो म्हणाला.

मी त्याला रशीदभाईंचं सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण मध्येच चिडला. "मी कधी तुझी गोळी कमी पडू दिली का?"

"न्हाई पडू दिलीस."

"मग?"

"उद्या पडली तर तू मला सांगशील का, बाळू? आन् तू सांगितलं न्हाई, तर मी मागीन का तुला? जागा विकलीस ते तू मला सांगितलं न्हाईस. मीबी तुझ्याकडं बघून एक दिसाआड घ्यायला लागीन. रशीदभाईबी असंच करत होते. कुणी कुणाला बोललं न्हाई."

बाळू काउंटरवर हात ठेवून उभा होता.  तो म्हणाला, "तुला स्वस्तातली गोळी दिली आन् तुला काय झालं, तर मी कसा जगू?"

त्याच्या आडमुठेपणामागं हेच होतं. मला तोपर्यंत वाटत होतं की त्याला औषधाची भीती आहे.

आम्ही दोघं मॅडमकडं गेलो. बाळूनं दुकानदारासारखे खोदून खोदून प्रश्न विचारले. साध्या गोळीचा घटक रक्तात तेवढाच उतरतो हे कशावरून? मॅडमनी सांगितलं की तशी तपासणी झाल्याशिवाय ती गोळी विकायला परवानगी मिळू नये असा नियम आहे, आणि आपण रक्त तपासत राहणारच आहोत. गोळी काम करते की नाही ते तीन महिन्यांत कागदावर दिसेल. हेही सांगितलं की सगळ्या आजारांत असं मनानं बदलू नये. फिटच्या झटक्यांचं औषध, किडनी बदललेल्या माणसाचं औषध, यांची कंपनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलायची नाही. आणि माझ्यासाठी एकच अट घातली, की एकदा एका कंपनीची चालू केली की शक्यतो तीच ठेवायची, दर महिन्याला नवी नको.

मग त्या मला म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं? गोळी तुम्हाला घ्यायची आहे."

इतक्या महिन्यांत हे मला कुणी पहिल्यांदाच विचारलं होतं. मी म्हणाले, "साधी लिहा."

तीन महिने

ते तीन महिने मी विसरणार नाही. पिंडरीत गोळा आला की वाटायचं, ह्या गोळीमुळं. आधीच्या गोळीनंही यायचा, हे आठवायचं नाही. थकवा आला, वाटायचं, आजार उठला. आंघोळीला बसले की बरगडीखाली हात दाबून बघायची, ओझं परत आलं का.

एक गोष्ट मात्र बदलली. गोळी आता मालक आणायचे. मुखेडच्या आठवडी बाजाराला गेले की औषधाच्या दुकानात जायचे, बिल घ्यायचे आणि पट्ट्या सदऱ्याच्या आतल्या खिशात घालून आणायचे. घरी आल्यावर भाजीच्या पिशवीच्या आधी त्या काढून माझ्यापुढं ठेवायचे. "तारीख बघून घेतलीय," म्हणायचे. मग मी जेवत असताना समोर बसून राहायचे. गोळी घेतली की उठायचे. त्यांनी पुन्हा कधी ते भावाचं वाक्य काढलं नाही. मीही काढलं नाही.

अंगणवाडीत एका गरोदर बाईनं लोहाच्या गोळ्या परत करून सांगितलं, "फुकटच्या हायत, नको." पूर्वी मी तिला भाषण दिलं असतं. त्या दिवशी तिला जवळ बसवलं आणि माझी पट्टी काढून दाखवली. "हीबी साधीच हाय," म्हणाले. "मलाबी भ्या वाटायलंय. पण रोज घ्यायली." ती गोळ्या घेऊन गेली.

रिपोर्ट

रिपोर्टच्या दिवशी मालक आणि बाळू दोघंही सोबत होते. एका बाकावर मी मध्ये आणि हे दोघं दोन बाजूंना.  बाळूचा पाय सारखा हलत होता.

मॅडमनी कागद वाचला. आधीचा काढून शेजारी ठेवला. मग म्हणाल्या, "आजार आणखी खाली गेलाय. उत्तम आहे."

"साध्या गोळीवर?" बाळूनं विचारलं.

"साध्या गोळीवर. आणि ह्यांनी ती रोज घेतली म्हणून."

मालकांनी हात जोडले. बाळू उठून बाहेर गेला. थोड्या वेळानं मी बघायला गेले तर तो नळावर तोंड धूत होता, पुन्हा पुन्हा. मला बघून म्हणाला, "अक्का, मला वाटलं होतं, मी ती गोळी बंद केली म्हंजे तुला सोडून दिलं."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. लहानपणी ठेवायची तसाच. 

दवाखान्यासमोरच्या खानावळीत आम्ही तिघं जेवायला बसलो. जेवण झाल्यावर मी पर्समधून पट्टी काढली. बाळूनं हात पुढं केला. ती पट्टी त्यानं आजवर हातात घेतली नव्हती. त्यानं दोन्ही बाजूंनी ती नीट वाचली, घटकाचं नाव, तारीख, सगळं, दुकानात माल आल्यावर वाचतो तशी. मालकांनी तांब्यातलं पाणी भांड्यात ओतलं. बाळूनं अंगठ्यानं एक गोळी फोडून काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"घे, अक्का," तो म्हणाला.